आधी कसोटी, मग कागद

मुसलमान समाजात गेल्या काही वर्षांत एका नव्या समारंभाची भर पडली आहे. पूर्वी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होत असे. आता त्याच मांडवात कौशल्य प्रशिक्षणाची प्रमाणपत्रेही वाटली जातात. मागे पुढाऱ्यांच्या छायाचित्रांचा फलक, पुढे शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, वायरिंग, ब्युटी पार्लर अशा वर्गांतून ‘उत्तीर्ण’ झालेली मुले-मुली, आणि प्रत्येक भाषणात एकच वाक्य : “आता तुमच्या हाताला काम मिळेल.” टाळ्या होतात, फोटो निघतात, नाश्ता संपतो. त्यातल्या किती जणांच्या हाताला काम मिळाले, हे विचारण्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा कुणी मांडव घालत नाही.

समारंभाला माझा विरोध नाही. गरिबाच्या पोराच्या वाट्याला आयुष्यात हार-तुरे येतातच किती? माझा आक्षेप त्या कागदाला आहे. हा कागद धरणाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. आणि जो कागद काहीच सांगत नाही, तो ज्याच्यापाशी दुसरा कसलाच आधार नाही त्याच्याच मुळावर येतो. माझे म्हणणे एवढेच आहे. ते मांडताना सरकारला, आपल्या पुढाऱ्यांना आणि आपल्या भाबड्या अभिमानालाही चार शब्द सुनवावे लागतील.

कामाच्या जागी लागणारी मूलभूत कौशल्ये म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. वेल्डिंग, टाके, वायरिंग ही त्या-त्या धंद्याची कौशल्ये झाली. त्यांच्या खाली एक पाया असतो. भिंतीवर लावलेली सूचना वाचून ती समजणे. चलनावरचे आकडे आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ घालणे. टेपवरचा इंच आणि मिलिमीटर ओळखणे. शेकडा किती, निम्मे किती, पाऊण किती हे झटकन सांगणे. तक्ता पाहून हवी ती रांग शोधणे. न समजल्यास न लाजता विचारणे. झालेली चूक लपवण्याआधी सांगणे. आणि वेळेवर येणे. यातले एकही काम यंत्राचे नाही, पण यातले एकही न येणारा माणूस कुठल्याच यंत्रावर फार दिवस टिकत नाही.

अमेरिकेत गेली तीन दशके ‘वर्ककीज’ नावाची चाचणी चालते. कामातले गणित, कामाचे कागद वाचणे, आलेख-तक्ते समजून घेणे अशा तीन गोष्टी तीत तपासतात आणि मिळालेल्या पातळीनुसार कांस्य, रौप्य, सुवर्ण किंवा प्लॅटिनम असे प्रमाणपत्र देतात. आपण तिची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : त्या कागदावर पातळी लिहिलेली असते. माणूस कुठवर पोहोचला आणि कुठे अडला, हे त्यावरून कळते. आपल्याकडचा कागद ‘उत्तीर्ण’ म्हणतो आणि गप्प बसतो.

पाया किती कच्चा आहे याचा पुरावा हवा असेल तर ‘असर’चा २०२३ चा अहवाल पाहावा. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुला-मुलींची ती पाहणी होती. त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. ही मुले कुठल्या एका धर्माची नाहीत. पण या वयात शाळा सोडून गॅरेजवर, मागावर, बेकरीत जाणारी मुले आपल्या मोहल्ल्यात किती आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. भागाकार न येणाऱ्या मुलाला तीन महिन्यांच्या वर्गानंतर ‘सहायक इलेक्ट्रिशियन’ असा कागद देणे म्हणजे पाया न खणता गच्चीवर झेंडा लावणे होय.

आता सरकारी यंत्रणेकडे वळू. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला. १५ जुलै २०१५ रोजी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. तिच्यात एक भाग फार चांगल्या हेतूने घातला होता : पूर्वज्ञानाला मान्यता. जो माणूस दहा-पंधरा वर्षे गवंडीकाम, सुतारकाम, गाडी दुरुस्ती करीत आला, त्याला पुन्हा वर्गात बसवायचे नाही. थोडे मार्गदर्शन करायचे, त्याच्या हाताची पारख करायची आणि प्रमाणपत्र द्यायचे. कागदाविना हुनर बाळगणाऱ्या आपल्या समाजाला याहून मोलाची कल्पना कोणती असू शकते?

पण कल्पना चांगली असून भागत नाही, पैशाची वाट कुठून जाते ते पाहावे लागते. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०१६ ते २०२० या काळात, अल्पमुदतीचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला पैसे तीन हप्त्यांत मिळत : वर्ग सुरू झाल्यावर ३० टक्के, उमेदवार प्रमाणित झाल्यावर ५० टक्के आणि त्याला काम मिळाल्यावर २० टक्के. म्हणजे निम्मी रक्कम पास होण्यावर आणि एक पंचमांश नोकरीवर. ज्याचे पोट विद्यार्थी पास होण्यावर अवलंबून आहे, त्याच्या वर्गात नापास कोण होणार? परीक्षक बाहेरचा असतो हे खरे. पण त्याला जागा, यंत्र, चहा आणि पुढच्या वेळचे बोलावणे कुठून मिळते, हेही तितकेच खरे. २०१६ साली नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने क्षेत्रीय कौशल्य परिषदांमधल्या अशाच हितसंबंधांवर कडक ताशेरे ओढले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने तर झाकणच उघडले. तपासलेल्या सुमारे ९६ लाख लाभार्थ्यांच्या नोंदींपैकी ९० लाखांहून अधिक नोंदींत बँक खात्याच्या जागी शून्य, ‘लागू नाही’ किंवा नुसती मोकळी जागा होती. वेगवेगळ्या लाभार्थ्यांसाठी एकच छायाचित्र वापरल्याची उदाहरणेही त्यात आहेत. ज्या यंत्रणेला माणसाचे खाते आणि तोंडही नीट नोंदवता आले नाही, तिने त्याच्या हातातला गुण नीट नोंदवला असेल, यावर कोण विश्वास ठेवील?

“सरकारी योजनेत हे चालायचेच,” असे म्हणून काही जण मान झटकतील. त्यांना मी विचारते : या खोटेपणाची किंमत कोण मोजतो?

२००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली आणि मुसलमान नावाला त्याहूनही कमी, जवळजवळ एक तृतीयांश. म्हणजे नावावरून पारख होते, ही आपली तक्रार काल्पनिक नाही. आता याच मालकाच्या जागी बसून विचार करा. त्याच्यापुढे दहा कागद आहेत आणि दहाही ‘उत्तीर्ण’ आहेत. त्याला ठाऊक आहे की हा कागद सगळ्यांनाच मिळतो. मग तो निवड कशावरून करील? आडनावावरून, गल्लीवरून, ओळखीवरून, कुणाच्या चिठ्ठीवरून. ज्याचा मामा त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे, त्याला खोट्या प्रमाणपत्राने काही तोटा होत नाही. कागदाविनाही त्याचे काम होते. तोटा होतो तो ज्याला मामा नाही त्याचा. खरी कसोटी ही बिनवशिल्याच्या माणसाची शिफारस असते. ती खोटी करणाऱ्याने त्याच्या हातातली एकमेव चिठ्ठी फाडली आहे.

म्हणून “प्रमाणपत्र घेऊन काय करायचे, आपल्याला नोकरी देणार कोण?” हा आपल्या मोहल्ल्यातला आवडता प्रश्न मला अर्धवट वाटतो. भेदभाव आहे, त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण भेदभाव सिद्ध करायलाही मोजमाप लागते. माझा मुलगा इतके वाचू शकतो, इतके मोजू शकतो, इतके दुरुस्त करू शकतो, असा भरवशाचा कागद हातात असेल तरच “मग त्याला का घेतले नाही?” असे ठणकावून विचारता येते. कागद पोकळ असेल तर प्रश्नही पोकळ ठरतो.

दुसरा एक सूर आपल्याकडे नेहमी ऐकू येतो : “आपली माणसे हाताची कलावंत, त्यांना परीक्षा कसल्या?” या अभिमानाला आधार आहे. मिरजेच्या सतारमेकरांचे घ्या. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून ही कला दीडशे वर्षांहून अधिक काळ वाढली. भोपळा, लाकूड आणि तार यांतून सूर काढणाऱ्या या कारागिरांच्या सतारी आणि तंबोरे देशभर गेले. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांना सनद कुणी दिली होती? कुठल्या केंद्रात त्यांची परीक्षा झाली?

परीक्षा झाली होती, आणि फार कठोर झाली होती. त्यांचा परीक्षक गवई होता. तंबोरा मांडीवर घेऊन तो तारा छेडी, जवारी ऐके आणि पसंत नसेल तर वाद्य परत करी. ज्याला ते वाद्य वापरायचे आहे तोच परीक्षा घेई आणि कारागिराच्या नातलगांची त्याला भीड नसे. अशा पारखीमुळे मिरजेचे नाव झाले. अभिमान धरायचा तर नुसत्या हुनराचा नको, त्या कसोटीचाही धरावा. कसोटीला घाबरणारा हुनर पुढच्या पिढीत हुनर राहत नाही, त्याची नुसती आठवण उरते.

आणि उस्ताद-शागिर्दीचे फार गोडवेही गाऊ नयेत. गॅरेजमध्ये बारा-चौदा वर्षांचा पोरगा चहा आणतो, पाने पुसतो, वर्षानुवर्षे ‘छोटू’ म्हणून राबतो. पंचविशीत उत्तम मिस्त्री होतो, पण उस्तादाकडून त्याला दोन ओळींचा दाखलाही मिळत नाही. दाखला दिला तर पोरगा दुसरीकडे जाईल ना! माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीने अशाच एका शिबिरात पूर्वज्ञानाचे प्रमाणपत्र घेतले. कागद इंग्रजीत होता, त्यावर कसली तरी श्रेणी होती. ती चांगली की वाईट, हे त्यालाही सांगता येईना आणि ज्या वर्कशॉपमध्ये तो कामासाठी गेला तिथल्या व्यवस्थापकालाही कळेना. शेवटी त्याला एक बंद पडलेली गाडी दाखवून “चालू कर” असे सांगितले. त्याने ती चालू केली. खरी परीक्षा ती होती. पण तिचा कागद कुणी दिला नाही. उद्या दुसऱ्या गावी गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मूलभूत कौशल्ये ही मालकाची सोय आहे, असेही काही पुरोगामी मित्र म्हणतात. त्यांनी इचलकरंजीला, भिवंडीला किंवा मालेगावला यावे. यंत्रमागावरची मजुरी मीटरवर आणि पिकावर ठरते. म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, यावर दर बदलतो. ज्या कामगाराला गुणाकार आणि दशांश चिन्ह समजत नाही, त्याला आपल्याच आठवड्याच्या मजुरीचा हिशेब तपासता येत नाही. मालक सांगेल तो आकडा, मुनीम देईल ती रक्कम. वाचता न येणारा कामगार भविष्य निर्वाह निधीची कपात पाहू शकत नाही, अपघाताच्या अर्जावर अंगठा देतो आणि कोऱ्या कागदावर सही करतो. हिशेब येणे ही मालकाची नव्हे, मजुराची गरज आहे. युनियनचा पहिला धडा वजाबाकीचा असतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. तिच्यात सुतार, लोहार, गवंडी, न्हावी, शिंपी असे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत; कौशल्याची पारख, प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि स्वस्त कर्ज अशी तिची रचना आहे. ज्यांना लागू होते त्यांनी ती जरूर घ्यावी. पण त्या अठरांत यंत्रमाग कामगार नाही, गॅरेजचा मिस्त्री नाही, बेकरीचा कारागीर नाही. म्हणजे आपल्या वस्त्यांतल्या मोठ्या मनुष्यबळाची पारख करणारा दरवाजा अजून दुसरीकडेच शोधायचा आहे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्येच सांगितले होते की आयटीआयची प्रवेशाची अट आठवीवर आणा, मदरशात शिकलेल्यांनाही तिथे वाट द्या आणि या संस्था मुसलमान वस्त्यांच्या जवळ काढा. त्या अहवालाची पारायणे आपण खूप केली. त्यातल्या या शिफारशीसाठी किती मोर्चे काढले? आजही वेल्डर, सुतार, प्लंबर अशा काही ट्रेडना आठवी पास पुरते. हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे?

आता भाषेचा प्रश्न. मी उर्दू माध्यमात शिकवते. उर्दू माझी रोजी आहे आणि जीवाची भाषाही आहे, म्हणून हे बोलण्याचा मला हक्क आहे. परीक्षा इंग्रजीत किंवा छापील जड हिंदीत घेऊन एखाद्या मुलाला नापास ठरवणे हा अन्याय आहे. त्यात त्याच्या हाताची पारख होत नाही, भाषेची होते. हाताची परीक्षा तोंडी, घरच्या बोलीत झाली पाहिजे. पण वाचनाची परीक्षा? महाराष्ट्रात वीजबिल मराठीत येते, एसटीचा फलक मराठीत असतो, तलाठ्याचा उतारा, पंचनामा, पोलिसांची नोटीस, बहुतेक कारखान्यांतली सूचना मराठीत असते. ती वाचता न येणारा मुलगा आपल्याच जिल्ह्यात परदेशी होतो. उर्दू शाळांत मराठी आधीपासून आहे. २०२० च्या कायद्याने ती सगळ्याच माध्यमांना सक्तीची केली. तरी ती कविता पाठ करून, निबंध घोकून पास होण्याची भाषा राहिली आहे. दहावी झालेल्या मुलाला मराठीत रजेचा अर्ज, मालाची पोच, बिघाडाची तक्रार लिहिता आली पाहिजे. यात उर्दूचे काहीही नुकसान नाही. मराठीत अर्ज लिहिणारी मुलगी रात्री उर्दू गझल वाचायची थांबत नाही. आणि जे मराठी माध्यमात शिकून उर्दू शाळांकडे नाक मुरडतात, त्यांनीही नाक थोडे खाली आणावे. त्या मुलांना रविवारी दोन तास मराठी शिकवायला या, एवढेच माझे निमंत्रण आहे.

मुलींच्या बाबतीत तर आपण कसोटीआधीच निकाल लावतो. मुलगी म्हटली की मेंदी, शिवण, पार्लर. ही कामे हलकी नाहीत, त्यांवर घरे चालतात. पण तिचा कल कुठे आहे हे तपासले कुणी? नववीत शेकडेवारी आणि व्याज चटकन सोडवणारी मुलगी हिशेबनीस, औषध दुकानातली मदतनीस, गोदामाची नोंद ठेवणारी होऊ शकते. तिची चाचणी घेतली असती तर हे कागदावर आले असते आणि वडिलांपुढे ठेवता आले असते. चाचणी नाही म्हणून रिवाज निर्णय घेतो.

एक शंका मात्र रास्त आहे : सगळ्यांची मुले कॉलेजात आणि आमची फक्त पाने-पकडीत, असा हा डाव तर नाही? अशा डावाला माझाही विरोध आहे. कौशल्याच्या नावाखाली आठवीनंतर मुलांना शिक्षणाबाहेर ढकलणे हा गुन्हा आहे. पण वाचणे, मोजणे, समजून सांगणे ही कौशल्ये डॉक्टरला लागतात तशी मिस्त्रीलाही लागतात. ती तपासली तर मूल मागे पडत नाही. कुठे हात द्यायचा ते कळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते वर्ष उलटले. ओळख द्यायची तर सगळ्यांच्या मुलांना द्या. एका मोहल्ल्यापुरती राखीव ठेवू नका.

तर मग मागायचे काय? सरकारकडे चार गोष्टी मागू. एक, परीक्षकाचा मेहनताना पास-नापासवर नसावा आणि प्रशिक्षण देणाऱ्याचा परीक्षकाशी संबंध नसावा. दोन, प्रमाणपत्र मराठीत असावे, मागणाऱ्याला उर्दूतही मिळावे आणि त्यावर ‘उत्तीर्ण’ऐवजी काय येते आणि काय येत नाही हे साध्या वाक्यांत लिहावे. तीन, जे येत नाही ते शिकवण्याची सोय त्याच केंद्रात असावी आणि फेरपरीक्षा फुकट असावी. चार, यंत्रमाग, गॅरेज, बेकरी अशा धंद्यांतल्या जुन्या कामगारांची पारख त्यांच्या कामाच्या जागी, मजुरी न बुडवता व्हावी.

समाजाकडे मागायचे त्याहून थोडे आहे. सत्कार समारंभाच्या खर्चातला एक हिस्सा वाचन-हिशेबाच्या रविवारच्या वर्गाला द्यावा. जमातीचे सभागृह लग्नाखेरीजच्या दिवशी रिकामे असते; ते उघडावे. धंद्यात नाव काढलेल्या मिस्त्री, शिंपी, जॉबर यांनी परीक्षक म्हणून बसावे, पण स्वतःच्या भाच्याची परीक्षा घेऊ नये. उस्तादाने शागिर्दाला वर्षाच्या शेवटी स्वतःच्या सहीने लिहून द्यावे की हा अमुक शिकला, तमुक अजून शिकायचा आहे. शाळांनी आठवीपासून वर्षातून एकदा चलन, बिल, टेप आणि तक्ता समोर ठेवून परीक्षा घ्यावी आणि निकाल पालकांना समजेल अशा भाषेत सांगावा.

आणि पुढच्या वेळी कुणी प्रमाणपत्र वाटपाचे निमंत्रण घेऊन आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत : परीक्षा कुणी घेतली? नापास किती झाले? आणि नापास झालेल्यांना आता कोण शिकवते आहे? पहिल्याला उत्तर नसेल, दुसऱ्याला “एकही नाही” असे उत्तर आले आणि तिसऱ्यावर तो हसला, तर त्या मांडवात जाऊ नये. ज्या समाजाला नावावरून नाकारले जाते, त्याने आपल्या मुलांच्या हाती दिलेला प्रत्येक कागद शंभर नंबरी असला पाहिजे. खोटे नाणे श्रीमंताच्या गल्ल्यात खपून जाते. गरिबाच्या हातात सापडले तर त्यालाच चोर ठरवतात.